संप, डावं साप्ताहिक आणि वर्गणी: मच्छेच्या एका कामगाराला उत्तर

तुम्ही बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर आहात. पगाराचा करार संपून वर्ष उलटलंय, युनियनमध्ये संपाच्या नोटिशीची चर्चा चालू आहे आणि त्याच बैठकीत प्रत्येकाकडून पक्षाच्या साप्ताहिकाची वर्षाची वर्गणी मागितली गेली. तुमची तक्रार अशी, की मागच्या देशव्यापी बंदनंतर त्या पत्रात ‘बेळगावात कडकडीत बंद’ छापून आलं आणि तुमच्या कारखान्यात तर निम्मी शिफ्ट आत होती. मग हे पत्र कामगारांचं की पक्षाचं? आणि सगळं व्हॉट्सॲपवर कळत असताना आठवड्याने येणाऱ्या कागदाची गरज काय?

वर्गणीचं शेवटी सांगते. आधी मी कुठून बोलतेय ते सांगितलेलं बरं. मी निपाणी-चिकोडी भागात तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये काम करत आले. बरीच वर्षं एका डाव्या मराठी साप्ताहिकासाठी इकडची पत्रं गोळा करून, नीटनेटकी करून पाठवायचं कामही माझ्याकडे होतं. उद्यमबाग-मच्छेच्या फौंड्र्या आणि मशीन शॉप मी बाहेरूनच पाहिलेत. तुमच्याकडे कायम किती आणि कंत्राटी किती, युनियन एकच की दोन, मालक इथला की पुण्या-मुंबईचा, यावर बरंच ठरतं. तेवढं मनात धरून पुढचं वाचा.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे: संपाच्या काळात कामगाराला पक्की माहिती कोण देतं, आणि ती चुकीची निघाली तर देणाऱ्याचा कान कोण धरतं. पत्र डावं असो की उजवं, दैनिक असो की मोबाईलवरचा ग्रुप, माप हेच लावायचं.

आता एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. पत्रामुळे संप होतात, हे दोघांना फार आवडतं: सरकारला आणि पत्राच्या संपादकाला. मुंबईच्या गिरण्यांचा १९२८चा संप घ्या. जवळपास दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. कामकरी-शेतकरी पक्षाचं ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक आदल्याच वर्षी निघालं होतं, पण माणसं ते वाचून बाहेर पडली नाहीत. मालकांनी नवी पद्धत आणली होती, विणकऱ्याने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे. म्हणजे तिसऱ्या माणसाची नोकरी गेली आणि उरलेल्या दोघांचा घाम वाढला. हे कळायला कुणालाही अग्रलेख लागत नाही. शिवाय बहुतेकांना वाचताच येत नव्हतं, त्यामुळे तो संप चालला सभांवर आणि हस्तपत्रकांवर.

मग पत्राचा उपयोग काय झाला? संप सुरू व्हायच्या सुमारास लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, गिरणी कामगार युनियनचे सभासद काही शेकडा होते, त्या वर्षाच्या शेवटी ते ५० हजारांच्या वर गेले. सभेत ऐकलेलं सभेबरोबर विरतं. इतक्या सभासदांना आपण एकाच युनियनमध्ये आहोत हे कामावर परत गेल्यावरही जाणवत राहायला काहीतरी नेमाने हातात पडावं लागतं. संपानंतरचा तो काळ पत्राचा. सरकारलाही हे बरोबर उमगलं होतं. २० मार्च १९२९ला मीरतच्या कटाच्या खटल्यासाठी देशभर कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि खटल्यात असल्या पत्रांचे अंकच पुरावा म्हणून मांडले गेले. हे लक्षात ठेवा, पुढे व्हॉट्सॲपबद्दल बोलताना लागेल.

त्याही आधीचं उदाहरण मला जास्त भावतं. नारायण मेघाजी लोखंडे १८८०पासून मुंबईतून ‘दीनबंधू’ चालवत होते. लाल झेंडा तेव्हा कुणी पाहिलाही नव्हता, ते सत्यशोधक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचं निवेदन दिलं. त्यात पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची. ती सुट्टी १० जून १८९०ला मिळाली. तुम्ही आज रविवारी घरी बसता त्याच्या मागे ही साखळी आहे: तक्रार, छापलेली तक्रार, सभा, सह्या, आणि मग बरीच वर्षं चिकाटी. संप या साखळीतली एक कडी झाली. पत्र सगळ्या कड्यांना पुरतं, आणि सगळ्यात जास्त ते संप नसताना कामाला येतं.

हे मी पुस्तकी बोलत नाही, निपाणीत हेच पाहिलं. विडीचं काम घरोघरी विखुरलेलं. कारखानदाराचा माणूस पान आणि जर्दा मोजून देतो, बाई घरी हजार विड्या वळून आणून देते. प्रत्येकीची कुरकूर तीच: पान कमी येतं, निम्मं फाटकं असतं, हजाराचा आकडा भरायला पदरचं पान विकत घ्यावं लागतं, आणि तपासणीत मूठभर विड्या बाद काढतात त्याचे पैसे नाहीत ते नाहीतच. पण प्रत्येकीला वाटायचं, आपलाच हात आखडतो, आपल्यालाच पान नीट कापता येत नाही. ठेकेदारही तेच सांगायचा.

एकदा एका बाईचं पत्र छापून आलं, चार ओळींचं, की अमुक वखारीतून हजारामागे इतकं पान मिळतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावातून निरोप, आम्हाला त्याहून कमी. मग आम्ही ठरवून गावोगावचं वजन विचारलं आणि नुसता तक्ता छापला: गाव, हजारामागे पान, किती बाद काढतात, प्रॉव्हिडंट फंडाचं कार्ड आहे की नाही. घोषणा एकही नाही. त्या तक्त्याने जे केलं ते आमच्या एकाही भाषणाने केलं नव्हतं. बायका तो कागद पदरात घेऊन ठेकेदारासमोर उभ्या राहिल्या. विडी कामगारांचा कायदा १९६६पासून होता, किमान वेतन होतं, पण आपलं दुखणं शेजारच्या गावाचंही आहे हे कळेपर्यंत कायदा कपाटातच होता.

वाचायचं कसं, हा प्रश्न तिथेही होता. शाळेत जाणारी एखादी पोर ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची, बायकांच्या मांडीवर सूप, हात चालूच. परराष्ट्र धोरणावरचा लेख आला की पोरीला सांगायच्या, “ते राहू दे बाई, आमच्या गल्लीचं काय आलंय बघ.” संपादक मंडळाला हे मी कितीदा कळवलं असेल! काहींना ते पटलं, काहींना तो बायकांचा अडाणीपणा वाटला.

ही रीत आमचीच नव्हे. केरळात कण्णूरकडच्या विडी कारखान्यांत एकाने वर्तमानपत्र वाचायचं आणि बाकीच्यांनी आपल्यातल्या थोड्या विड्या त्याच्या वाट्याला घालायच्या, म्हणजे त्याची मजुरी बुडू नये, अशी पद्धत होती. कम्युनिस्ट पक्षाचं ‘देशाभिमानी’ हे पत्र तिकडे रुजलं त्यात या वाचनाचा वाटा मोठा आहे. आणि थेट क्यूबात, हवानाच्या चिरुट कारखान्यांत १८६५ साली पगारी वाचक ठेवायला सुरुवात झाली, त्याच वर्षी ‘ला अरोरा’ हे कामगारांचं पत्र निघालं. कारखानदारांना हे वाचन खुपायला लागलं आणि काही महिन्यांतच त्यावर बंदी आली. तंबाखूच्या कामात हात गुंतलेले आणि कान मोकळे, त्याचा हा परिणाम असावा. तुमच्या मशीन शॉपमध्ये कान मोकळे नसतात हे मला कळतं. तुमच्यासाठी ती जागा म्हणजे कॅन्टीन, आणि शिफ्ट सुटल्यावर मच्छे-पिरनवाडीच्या रस्त्यावरची चहाची टपरी.

आता तुमचा टोचणारा प्रश्न. पत्र कामगारांचं की पक्षाचं? सरळ सांगते, पक्षाचं असतं. पैसा पक्ष उभा करतो, संपादक पक्ष नेमतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. भानगड होते ती पक्षाची गरज आणि संपाची गरज वेगळी पडते तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियावर हल्ला झाल्यावर भारतातल्या कम्युनिस्ट पक्षाने ते लोकयुद्ध मानलं. १९४२ ते ४५ या काळात पक्षाचा आग्रह होता की उत्पादन थांबू नये, संप टाळावेत, आणि ‘लोकयुद्ध’ या नावाच्या पक्षपत्राने तीच भूमिका मांडली. फॅसिझमविरुद्धची भूमिका म्हणून ती समजून घेता येते. पण महागाईने पिचलेल्या कामगाराला त्याच्याच पत्राने ‘थांब’ म्हणणं, याचे घाव बरीच वर्षं राहिले.

दुसरी अडचण याहून बारीक आहे आणि तुमच्या कारखान्याला जास्त लागू आहे. कामगार म्हणजे एकच एक ढीग असं समजून लिहिलं, की आतल्या भेगा कागदावर येत नाहीत. १९२८च्या संपाच्या वेळी गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारच त्यांना तिथे येऊ देत नसत, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी हा मुद्दा पुढे आणायला टाळाटाळ केली. बाबासाहेबांनी तो लावून धरला आणि १९२९च्या संपाला विरोधही केला. पण पुढे, ७ नोव्हेंबर १९३८ला, संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. माझं म्हणणं असं, की १९२८मधली भेग कामगार पत्रांनी तेव्हाच ठळक छापली असती तर ती एकी दहा वर्षं आधी जमण्याची शक्यता तरी होती. तुमच्या कारखान्यात आज तीच जागा कंत्राटी पोरांची आहे. त्यांची मागणी मागणीपत्रात कितव्या क्रमांकावर आहे ते बघा, आणि पत्रात ती येते का तेही.

निपाणीचंच अजून एक. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. या आंदोलनाचे नेते शरद जोशी, त्यांच्याकडे डाव्या वर्तुळात बड्या शेतकऱ्यांचे पुढारी म्हणून पाहिलं जायचं, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. निपाणीत मात्र प्रा. सुभाष जोशी वखारीतल्या बायकांची संघटना बांधत होते आणि तेच शेतकऱ्यांच्या आंदोलनातही पुढे होते. वखारवाला व्यापारी शेतकऱ्याचा भाव पाडायचा आणि बाईची मजुरीही. दूर बसून लिहिणाऱ्या पत्राला हा गुंता दिसणं कठीण. तो जागेवरच्या माणसालाच दिसतो, म्हणून पत्राला जागेवरची माणसं लागतात.

मोठ्या दैनिकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण थोडक्यात सांगते. ‘भांडवलदारी वर्तमानपत्रं’ म्हणून आपण सगळ्यांना एका सुतात ओवतो. जाहिरातदाराच्या कारखान्यातला संप तिथे आतल्या पानावर जातो, खरंय. तरीही सीमाभागाच्या पानावर काम करणारा वार्ताहर हजेरीचा आकडा पुष्कळदा आपल्या पत्रापेक्षा बरोबर देतो. त्याला आपल्याला खूश ठेवायचं नसतं.

म्हणूनच ‘कडकडीत बंद’ ही बारीकसारीक बाब नाही. निम्मी शिफ्ट आत होती हे कुणाला माहीत होतं? आत गेलेल्यांना, बाहेर राहिलेल्यांना आणि कंपनीला. कंपनीकडे तर पंचिंगची नोंद आहे. म्हणजे ती बातमी वाचून फसलं कोण? उद्यमबागेतला दुसऱ्या कारखान्याचा कामगार, गोकाकच्या सूतगिरणीतला कामगार, ज्यांना वाटलं बेळगाव पूर्ण उभं आहे. ते त्या भरवशावर आपला निर्णय घेणार. आणि तुमच्या कारखान्यात उद्या त्याच पत्रात आलं की ‘वाटाघाटी पुढे सरकल्या, धीर धरा’, तर कोण विश्वास ठेवेल? संपाच्या तिसऱ्या आठवड्यात, दुकानदार उधारी बंद करतो तेव्हा, पत्राजवळ देण्यासारखी एकच वस्तू उरते, शब्दावरचा भरवसा. ती आधीच बंदच्या मथळ्यात उधळून टाकली तर मग रिकाम्या हाताने उभं राहावं लागतं.

संपात पत्र बंद पडण्याचाही धोका असतो, आणि त्याचा एक मजेदार दाखला आहे. १९२६च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. ठिणगी पडली ती ‘डेली मेल’च्या छापखान्यात, कामगारांनी संपविरोधी अग्रलेख छापायला नकार दिला. नंतर ट्रेड युनियन काँग्रेसने सगळ्या छापखाना कामगारांना संपावर बोलावलं, आणि त्यात कामगारांचं स्वतःचं ‘डेली हेरल्ड’सुद्धा बंद पडलं! गंमत अशी, की हेच ‘हेरल्ड’ १९११ साली लंडनच्या छापखाना कामगारांच्या संपाचं पत्रक म्हणून जन्माला आलेलं. सरकारच्या बाजूने चर्चिलने ‘ब्रिटिश गॅझेट’ काढलं, कागदाचे साठे ताब्यात घेतले. मग युनियनवाल्यांना घाईघाईने ‘ब्रिटिश वर्कर’ काढावं लागलं. संप नऊ दिवस चालला, त्यात आपली बाजू सांगायला धड कागदही मिळेना. यातून तुमच्यासाठी इतकंच: संपाची माहिती कशी पोचवायची हे नोटिशीच्या आधी ठरवा. कागद, छापखाना, पैसे, माणसं.

आता आपल्या भागाचं. इथेच बाहेरची कुठलीही शिकवण अपुरी पडते.

मराठी डावं साप्ताहिक येतं मुंबई-पुण्याहून. त्यात महाराष्ट्राच्या कामगारमंत्र्याला जाब विचारलेला असतो, महाराष्ट्राचं किमान वेतन असतं. तुमचं किमान वेतन ठरतं बंगळुरात, कामगार खात्याचे कागद कन्नडमधून, मालक-कामगारांत तडजोड घडवणारा समेट अधिकारी कन्नड बोलणारा. तिकडे कन्नडमध्ये ‘जनशक्ती’सारखं साप्ताहिक आहे, पण तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या येळ्ळूरच्या पोराला ते वाचता येत नाही. आणि त्याच लाइनवर बैलहोंगल-सौंदत्तीकडून आलेल्या कामगाराला मराठी पत्राचा काही उपयोग नाही. एका छपराखाली दोन भाषांचे कामगार आणि दोन्हीकडची पत्रं त्यांच्या डोक्यावरून जाणारी, हे आपलं खरं दुखणं.

यात सीमाप्रश्नाचा काटा आहेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप हे सगळे समितीत होते. बेळगावात कॉम्रेड कृष्णा मेणसे ‘साम्यवादी’ साप्ताहिकही चालवत आणि सीमालढ्यातही होते. भाषेचा हक्क आणि मजुरीचा हक्क त्या पिढीला वेगळा वाटत नव्हता, आणि मलाही वाटत नाही. पण संपाच्या वेळी याचा फायदा कोण घेतं ते मी पाहिलंय. संप लांबला की एक दिवस कुजबुज सुरू होते, की मराठी पुढारी कन्नड पोरांना उपाशी मारताहेत. नाहीतर उलटी, की कन्नडवाल्यांनी आतून मांडवली केली. ही कुजबुज कुठून निघते ते कधी सिद्ध होत नाही, पण ती नेमकी वाटाघाटीच्या आदल्या दिवशी निघते. त्यावर अग्रलेख लिहून काही होत नाही. एकाच कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, शब्दाला शब्द तोच मजकूर, एवढं केलं की कुजबुजीला फार जागा उरत नाही. दोघांनाही दिसतं, की दुसऱ्याला वेगळं काही सांगितलेलं नाही.

व्हॉट्सॲप. ते वापरायचंच, वेगाला त्याला तोड नाही. २०२१ साली एप्रिलमध्ये कर्नाटकातल्या सरकारी बसगाड्या सहाव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी बंद होत्या. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातली एसटी बंद पडली ती थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. बेळगावच्या स्टँडवर आपण दोन्ही पाहिलं. एसटीच्या संपात जुन्या मान्यताप्राप्त युनियन बाजूला पडल्या आणि माणसं मोबाईलवरून एकमेकांना धरून राहिली. ही त्याची ताकद. पण ‘एसटीचं सरकारमध्ये विलीनीकरण उद्या जाहीर होणार’ छापाचे निरोपही तिथूनच फिरले, आणि उद्या येत नाही तेव्हा जाब विचारायला समोर कुणी नसतं. फॉरवर्ड केलेल्या निरोपाला संपादक नसतो.

दुसरं, मीरतचं आठवा. तेव्हा पत्राचे अंक पुरावा झाले, आता स्क्रीनशॉट होतात. ‘उद्या कुणी आत गेला तर बघून घेऊ’ असं तुम्ही चिडून रात्री ग्रुपवर टाकलंत, तर ते कंपनीच्या डोमेस्टिक एन्क्वायरीत, म्हणजे खात्यांतर्गत चौकशीत, तुमच्या नावासकट टेबलावर येतं. छापील पत्रकावर मजकूर समितीचा असतो, एकट्या माणसाचा नसतो, आणि छापण्याआधी चौघांनी तो वाचलेला असतो. म्हणून माझ्याकडे पत्र लिहिणाऱ्या बाईचं नाव मी कधी छापलं नाही, पण तिचं नाव-गाव मला माहीत असल्याशिवाय पत्रही छापलं नाही.

आता तुमच्या नोटिशीकडे येऊ. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कुठल्याही कारखान्यात संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. पूर्वी ती सक्ती सार्वजनिक सेवांपुरती होती. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. म्हणजे अचानक काम बंद ठेवायचे दिवस संपले. या १४ दिवसांत कंपनी घरोघरी पत्रं पाठवेल, बायकोच्या नावेसुद्धा पाठवतात. त्याच १४ दिवसांत साप्ताहिकाचे दोन अंक निघतात. त्या दोन अंकांत तुमचं मागणीपत्र, कंपनीचं उत्तर आणि आजचा पगार याचा साधा तक्ता आला, तर त्या वर्गणीचे पैसे वसूल. लेनिनवरचा लेख आला तर नाही. (लेनिन स्वतः १८९०च्या दशकात पीटर्सबर्गच्या कारखान्यांतल्या दंडांच्या रकमा गोळा करून त्यावर पुस्तिका लिहीत होता, हे तुमच्या संपादकाला आठवण करून द्या.)

संप सुरू झाला की रोज एक पानी पत्रक, गेट मीटिंगला वाटायला. त्यात कालची खरी हजेरी, वाईट असली तरी. संप फंडात किती आले, कुठे गेले. वाटाघाटीत काय बोललं गेलं, आणि पुढची तारीख. पत्रकाखाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता घाला. निनावी कागद पोलिसांना निमित्त देतो, आणि कंपनीच्या माणसाने काढलेलं बनावट पत्रक त्यातून वेगळं ओळखता येत नाही.

आणि करार झाला की करार पूर्ण छापा, दोन्ही भाषांत, शेवटच्या कलमापर्यंत. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्यासमोरचा, कलम १२(३)खालचा, ‘बारा-तीनचा’ करार सगळ्या कामगारांना लागू व्हायचा आणि मालकाशी थेट केलेला फक्त सही करणाऱ्या बाजूंना. हा फरक पुढारी तोंडी सांगत नाहीत, ‘ऐतिहासिक विजय’ म्हणतात. उत्पादनवाढीची अट कुठल्या कलमात घातलीय, बडतर्फ झालेले किती परत घेतले, कंत्राटी मुलांना काय मिळालं, हे छापील करारातच सापडतं. पत्र कामगारांचं आहे की नाही याची परीक्षा मी याच अंकावर घेते.

वर्गणी द्या, पण मुकाट्याने देऊ नका. पुढच्या बैठकीत मागा, की तुमच्या कारखान्यातून दोन बातमीदार नेमायचे, एक मराठी लिहिणारा आणि एक कन्नड, शक्य तर त्यातला एक कंत्राटी. त्यांनी कळवलेला हजेरीचा आकडा पत्राने बदलायचा नाही, आणि मागच्या बंदच्या मथळ्याबद्दल दुरुस्तीच्या दोन ओळी पुढच्या अंकात छापायच्या. संपादकाने मानलं तर वर्षाची वर्गणी भरा. नाही मानलं तर तेच पैसे संप फंडात घाला आणि एक पानी पत्रक तुमचं तुम्ही काढा. खडेबाजार-शहापूरकडच्या छोट्या ऑफसेटवाल्यांकडे दोन्ही लिपींची जुळणी होते. कन्नड मजकूर मात्र मशीनवरच्या भाषांतरावर सोडू नका. बैलहोंगलच्या त्या सहकाऱ्याला आधी वाचून दाखवा आणि तो हो म्हणाला की मगच छापायला द्या.